कडीचं मत

सासरा ग्रामपंचायतीचा शिपाई आणि सून त्याच पंचायतीची मेंबर, असा मामला मी साऱ्या नोकरीत एकाच गावात पाहिला. तो जुळवून आणण्यात माझा मोठा हात होता आणि हे मी आजही थोड्या तोऱ्यातच सांगते. माझ्या हातून फार मोठी कामं झालेली नाहीत. जी एखाददुसरी झाली, तिचा तोरा मिरवायला काय हरकत आहे?

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. मी बुलढाण्याची. वडील कचेरीत कारकून, घरात आम्ही सगळ्या बहिणी. शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक झाली ती सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपूरच्या पलीकडच्या एका खेड्यात. आई रडवेली होऊन म्हणाली, "एवढ्या दूर?" वडिलांनी चष्मा पुसत सांगितलं, "हिच्या जिभेला तेवढं अंतर बरं." वडील कमी बोलत, पण नेम धरून बोलत. राग माझ्या नाकावरच असे आणि तिथून तोंडात उतरायला त्याला वेळ लागत नसे.

गाव नाल्याच्या दोन काठांवर वसलेलं. अलीकडे चावडी, मारुतीचं देऊळ, शेतकऱ्यांची घरं आणि माझी शाळा. पलीकडे कुडाच्या भिंतींची मजुरांची वस्ती. ज्यांच्या नावावर वीतभर शेत नाही, ते सगळे तिकडे. उन्हाळ्यात नाला कोरडा पडला की पोरं त्यात विटीदांडू खेळत. पावसाळ्यात तोच नाला असा भरून वाहे की वस्तीची पोरं दिवसचे दिवस शाळेत येऊ शकत नसत. दिवाळीनंतर ती यायची तेव्हा आधीचं सगळं विसरलेली असायची, आणि मी त्यांना पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करून द्यायची. मग वर्षाच्या शेवटी ती नापास व्हायची आणि गावातले लोक म्हणायचे, "त्याईच्या डोक्यातच नाही शिकनं." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होई.

शाळेला दोन खोल्या होत्या, एक मोठी, एक लहान. पंचायतीला स्वतःची जागा नव्हती, म्हणून दर महिन्याची मीटिंग शाळा सुटल्यावर मोठ्या खोलीत भरे. लहान खोलीत माझं कपाट, नकाशे आणि पाण्याचा माठ. दोन्ही खोल्यांच्या मधे एक दार होतं आणि त्याला जुनी लोखंडी साखळीची कडी होती. या कडीबद्दल पुढे सांगायचंच आहे.

बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असे. त्या दिवशी दुपारी मी वस्तीतल्या बायकांना लिहाय-वाचायला शिकवायची. कोणी सांगितलं नव्हतं, पगारही नव्हता. एकटीचा वेळ जाईना, हे खरं कारण. बायका यायच्या, थोडं गिरवायच्या, जास्त हसायच्या. त्यांच्यात एक सून होती, एकविसाव्या-बाविसाव्या वर्षातली. तिला गिरवायची गरज नव्हती, कारण माहेरी ती चौथीपर्यंत शिकली होती. ती यायची ते वाचायला काहीतरी मिळेल म्हणून. बाजारातून आणलेल्या गुळाच्या, फुटाण्याच्या पुड्यांचे कागद ती सरळ करून वाचत बसे. वाचता वाचता त्या बातमीशी भांडेही. "हे पाहा बाई, इथी लिवलं हाये का सडक झाली. कुठी झाली? कोनाच्या गावाले झाली? फाटलं हाये नेमकं तिथीच!"

शाळा का सोडलीस, असं मी तिला एकदा विचारलं. तिच्या माहेरीही नाला होता.

"माही शाया नाल्यातच गेली, बाई," ती हसत म्हणाली. "पावसायात जाता येये ना. गुरुजीनं नाव कमी केलं. मंग बापानं लगन करून देल्लं." पुढे हसू ओसरलं. "आता माही नणंद तशीच होऊन राह्यली. दोनदा दुसरीतच बसली."

नणंद माझ्याच वर्गात होती. चुणचुणीत पोर, पाढे असे म्हणायची की ऐकत राहावं. पण निम्मं वर्ष पलीकडच्या काठावर.

त्याच सुमाराला पंचायतीची निवडणूक लागली. नव्या कायद्यात बायकांसाठी दोन जागा राखून ठेवल्या होत्या. गावानं त्यावर विचार करायचंही कारण नव्हतं. एका जागेवर सरपंचांची बायको, दुसरीवर तिची जाऊ, हे ठरल्यासारखंच होतं. सरपंच म्हणजे गावातले सर्वांत मोठे शेतकरी, सगळे त्यांना नुसतं पाटील म्हणत. माणूस वाईट नव्हता. फक्त सारं गाव म्हणजे आपल्याच घराचं लांबलेलं अंगण आहे, असं त्यांना मनापासून वाटे. दुसरी जागा ज्या वॉर्डात होती, त्यात वस्तीची मतं जास्त आहेत हे ग्रामसेवकाच्या बोलण्यातून मला कळलं आणि माझं डोकं चालायला लागलं.

"तू उभी राहा," मी त्या सुनेला म्हटलं.

"मी? काऊन?"

"काऊन म्हणजे? वाचता येतं तुला. डोकं आहे. भांडतेस तर इतकी छान!"

"थ्या कागदासंगं भांडतो, बाई. मानसासंगं कुठी?"

पण तिच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं होतं, ते मी पाहिलं. पंचायतीला काय करता येतं, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, विहीर, दिवे, रस्ता. "नाल्यावर रपटा?" तिनं लगेच विचारलं. रपटा म्हणजे नाल्याच्या पात्रात घातलेला दगड-सिमेंटचा बुटका बांध. त्यावरून थोडंफार पाणी वाहत असलं तरी माणूस चालून जातो. मी म्हटलं, "हो, रपटाही." त्यावर तिनं हातातला पुडीचा कागद घडी करून कमरेला खोचला. मग म्हणाली, "मामंजीले इचारा."

मामंजी म्हणजे तिचा सासरा, पंचायतीचा शिपाई. खांबांवरचे कंदील लावायचे, दवंडी द्यायची, मीटिंगला पाणी आणि पानतंबाखू पुरवायचं हे त्याचं काम. बायको वारलेली. मुलगा, म्हणजे त्या सुनेचा नवरा, हंगामात खामगावच्या कापसाची सरकी काढायच्या जिनात मजुरीला जाई तो महिनोन् महिने येत नसे. घरात सासरा, सून आणि लहानगी नणंद. त्यांच्या रीतीप्रमाणे सून सासऱ्यासमोर येत नसे, त्याच्याशी बोलत नसे. तोही अंगणाच्या तोंडाशी खाकरल्याशिवाय घरात पाऊल टाकत नसे. सगळा संवाद त्या पोरीमार्फत. "मामंजीले सांग, भाकर झाली." "वयनीले सांग, मले भूक नाही." पोरगी शाळेत असली की मधे बकरी. म्हातारा अंगणात बसून बकरीला विचारायचा, "काय वं, आज जेवाले हाये का नाही?" आणि आतून ताट सरकवल्याचा आवाज यायचा. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून हसून पोट दुखलं. नंतर हसू येईना.

मी विचारायला गेले तेव्हा तो दोर वळत बसला होता. ती आत, कुडाच्या पलीकडे. मी सगळं सांगितलं. तो ऐकून घेत राहिला.

"मले काय इचारता, बाई? उभं तिले राहाचं हाये. तिले इचारा."

"तिनंच तुम्हाला विचारायला सांगितलं."

"मंग राहू द्या उभी." त्यानं वळलेला दोर ओढून पाहिला. "पन एक सांगतो. मी चपराशी. मीटिंगीत मी तं असतोच. ते माह्यासमोर कशी बसन?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आतून बांगड्या वाजल्या. म्हातारा म्हणाला, "हाव म्हनून राह्यली." बांगड्यांचा हो आणि बांगड्यांचा नाही त्याला कळत असे. मी चिडले. म्हटलं, एकविसाव्या वर्षी माणसाला मत मिळतं ते तोंडानं आणि हातानं द्यायला, बांगड्यांनी नाही! म्हातारा माझ्याकडे बघून समजुतीनं हसला. लहान मूल हट्ट करतं तेव्हा आपण हसतो, तसं.

ती उभी राहिली आणि निवडून आली. वस्तीतल्या तरुण पोरांनी जीव तोडून फिरून प्रचार केला. यातल्या निम्म्यांनी त्याआधी कधी मत दिलं नव्हतं. "आमचं नाव यादीत असते का?" असं मला एकानं विचारलं होतं. मी यादी घरोघर नेऊन त्यांना नावं दाखवली, कोणाची नव्हती त्यांची घालायला लावली. मतदानाच्या दिवशी ती पोरं धुतलेले सदरे घालून, केसांना तेल लावून रांगेत उभी राहिली होती. एवढं तेल की शाळेच्या भिंतीवर पुढे वर्षभर डाग होते. मी ते डाग पुसू दिले नाहीत.

मग पहिली मीटिंग आली. मेंबरबाई शाळेत आली ती मागच्या बाजूनं, लहान खोलीत. मोठ्या खोलीत पाटील, बाकीचे मेंबर, ग्रामसेवक आणि दाराशी पाण्याची घागर घेऊन तिचा सासरा. दार लोटून घेतलेलं. दाराच्या अलीकडे जमिनीवर ती आणि माझ्या खुर्चीवर मी. मीटिंग सुरू झाली, ठराव वाचून झाला, पाटलांनी विचारलं, "सगळ्याईले मंजूर?" पलीकडून "हाव, हाव" असे आवाज आले. आणि हिनं हात वर करून दाराची कडी वाजवली.

खण्.

पलीकडून पाटलांचं हसणं ऐकू आलं. "लिवा ग्रामसेवक. मेंबरबाई हाव म्हंतात."

ग्रामसेवक मेहकरकडला तरुण पोरगा होता, माझ्याच वयाचा. मीटिंग संपल्यावर कपाळावर आठ्या घालून माझ्याकडे आला. "बाई, कडीनं दिलेलं मत कायद्यात कुठं बसतंय?" मी म्हटलं, "पाटलीणबाई तर येतच नाहीत. तुम्ही रजिस्टर घेऊन त्यांच्या घरी जाता आणि सही आणता. ते कुठं बसतं?" तो बिचारा रजिस्टर मिटून निघाला. तशी सगळ्यांचीच सोय होती. ठराव एकमतानं व्हायचे, कडी वाजायची, चहा यायचा.

फक्त माझी सोय नव्हती. माझा जीव वर-खाली व्हायचा. कारण अलीकडे बसून ती सगळं ऐकायची आणि एकेक शब्द पकडायची. "बाई, दिव्याचं घासलेट मागल्या मीटिंगीत आनलं होतं. आता पुन्हा कसं?" ती माझ्या कानात कुजबुजायची.

"मग विचार ना!"

"मामंजी हायेत."

"अगं, त्यांनाच तर कंदील लावायचे असतात. तेही हेच विचारत असतील मनात."

"बाई, तुमी हळू बोला."

कित्येक महिने हे असंच चाललं. एकदा तर रागाच्या भरात मी ती कडीच काढून टाकायला निघाले होते. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "काढू नका. मंग माह्यापाशी काय राहीन?" त्या दिवशी मी तिला जवळ घेतलं. मला तोवर वाटत होतं की कडी म्हणजे तिच्या तोंडाला लावलेलं कुलूप. तिला मात्र ती पहिल्यांदा मिळालेली जीभ वाटत होती. एवढं साधं माझ्या लक्षात यायला इतके दिवस लागले, याचं मला अजून नवल वाटतं.

भाद्रपदातल्या एका मीटिंगला खरा प्रसंग आला. पंचायतीला वरून बांधकामासाठी पैसे मिळाले होते. एकच काम होण्याइतके. पाटलांच्या मनात गावाच्या तोंडाशी कमान होती. बुलढाण्याहून जिल्हा परिषदेची माणसं येणार होती आणि कमानीशिवाय त्यांचं स्वागत कसं करायचं, हा त्यांना पडलेला घोर. "कमान झाली म्हंजे गावाले तोंड येते," ते म्हणाले. मी दाराआडून पुटपुटले, "आणि तिच्याखालून रोज जाणार कोण, बैल?" हिनं मला कोपरानं ढोसलं.

रपट्याची बाजू घेणारेही निघाले. ज्यांची शेतं नाल्यापलीकडे होती अशा काही शेतकऱ्यांना बैलगाड्या न्यायला रपटा हवाच होता. त्यांनी पहिल्यांदाच पाटलांना विरोध केला, तोही चाचरत, "तुमी नाराज होऊ नका, पन..." करत. शब्दाला शब्द वाढला. शेवटी ग्रामसेवक म्हणाला, हात वर करा, मोजतो.

मी दाराच्या फटीला डोळा लावला. हात मोजून झाले. दोन्हीकडे सारखे. सारखे झाले की सरपंचाचं जादा मत असतं, म्हणजे कमान. आणि एक हात रपट्याकडे वाढला, तर रपटा. खिडकीबाहेर वस्तीतली तरुण पोरं जमली होती. तीही मोजत होती.

"रपट्याला अजून कोणी?" ग्रामसेवकानं विचारलं आणि हिनं कडी वाजवली. नेहमीसारखी एकदा नाही, तीन-चारदा, जोरात.

"मेंबरबाईचं मत रपट्याला," ग्रामसेवक म्हणाला.

"थांबा," पाटील म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "कडीले मत असते का? मेंबर कुठी हाये? मले तं दिसून नाही राह्यला."

"पाटील, इतके महिने आपण..."

"इतके महिने सगळ्याईचं एकच होतं. आज मोजनं हाये. खोलीत जो बसला, हात ज्यानं वर केला, त्याचं मत. माही बायको बी घरी हाये, तिचं मी मोजा म्हनलं का?"

त्यांचं चुकत नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला. मी फटीतूनच ओरडले, "इतके दिवस चाललं तेव्हा बरं दिसत होतं!"

"बाई," पाटील शांतपणे म्हणाले, "तुमी मेंबर नाही."

तेही बरोबर होतं. मी फटीवरून डोळा काढला. वळून पाहिलं तर ती उभी राहिली होती. एक हात कडीवर, दुसऱ्या हातानं पदर गच्च धरलेला. मी तिला ढकललं असतं, हाताला धरून आत नेलं असतं, मनात आलंही. पण कडी काढू नका म्हणाली तेव्हाचा तिचा चेहरा आठवला आणि माझे पाय हलले नाहीत. आत जायचं तर तिनंच जायला हवं होतं.

तेवढ्यात पलीकडून तिच्या सासऱ्याचा आवाज आला. "पाटील, मी बाहीर जाऊन बसतो. मंग सून येईन आत."

"तू शिपाई ना बे?" पाटील म्हणाले. "मीटिंग चालू असताना शिपायानं जागा सोडाची नसते. इचार ग्रामसेवकाले."

ग्रामसेवकानं नुसती रजिस्टराची पानं चाळली. मला वाटलं, संपलं. रपटा गेला, हिची नणंद पुन्हा दुसरीत बसणार, आणि त्या तेल लावलेल्या पोरांना पुढच्या वेळी मी कोणत्या तोंडानं सांगू की मत द्या?

मग फटीतून मी पाहिलं ते असं. म्हाताऱ्यानं पाण्याची घागर बाजूला ठेवली. भिंतीला पाठ लावून तो मांडी घालून नीट बसला. दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले, लपंडावात राज्य आलेलं पोर ठेवतं तसे. आणि आजवर ज्या सुनेशी तो एक शब्द थेट बोलला नव्हता, तिला त्यानं साऱ्या मीटिंगसमोर हाक मारली.

"म्या डोये मिटले, मेंबरबाई. या तुमी."

ही माझ्या शेजारी उभी होती. कडी सोडली. दार ढकललं आणि उंबरा ओलांडून ती आत गेली.

कोणी हसलं नाही. ती डोक्यावर पदर घेऊन मधोमध उभी राहिली आणि तिनं हात वर केला. कोपर न वाकवता सरळ, शाळेत पोरं करतात तसा. मास्तरीण म्हणून सांगते, इतका सरळ हात माझ्या वर्गात कोणी केलेला नाही.

"मत कायले?" पाटलांनी विचारलं.

"रपट्याले," ती म्हणाली. आवाज फाटला, पण थांबली नाही. "माही नणंद दोनदा दुसरीत बसली. तिले डोकं हाये. नाल्याले नाही."

खिडकीबाहेर पोरांनी असा काही गलका केला की ग्रामसेवकाला उठून त्यांना दटावावं लागलं, आणि तो स्वतःच हसत होता. पाटलांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "लिवा," ते म्हणाले. "रपटा. अन् हे बी लिवा का नाल्याले डोकं नाही." त्यांच्या मिशीत हसू होतं. हरले तरी माणूस खेळकर होता, एवढं त्यांच्या बाजूनं बोललंच पाहिजे. दाराशी वळून ते शिपायाला म्हणाले, "उघड आता डोये. झाली तुही सून मेंबर."

पण म्हाताऱ्यानं लगेच हात काढले नाहीत. तिची पावलं बाहेर ओट्यावर गेल्याचं ऐकू आल्यावर काढले. तळवे ओले झाले होते. त्यानं ते धोतराला पुसले, मग घागर आणि पेले गोळा केले, सतरंजी झटकून घडी केली. रोजच्यासारखं सगळं काम नीट आवरलं.

ऊन उतरलं होतं. ती ओट्यावर थांबलेल्या नणंदेला घेऊन पुढे निघाली. मी नाल्यापर्यंत म्हणून निघाले, कारण खोलीत बसवेना, इतकी मी आनंदात होते. मागून म्हातारा आला आणि माझ्या बरोबरीनं चालायला लागला. मीच त्याला म्हटलं, "काय, कशी वाटली मेंबर?"

"बाई," तो म्हणाला, "तिचा आवाज जरासा घोगरा हाये, नाही?"

मला हसू आलं. "म्हणजे? एका घरात राहता. रोज ऐकत असाल."

"कुठी आइकतो? पोट्टीसंगं बोलते, थे कानात. मी खाकरलो का बंद. चार वर्सं झाले घरात येऊन." खांद्यावरच्या उपरण्यानं त्यानं तोंड पुसलं. "पोट्टीची माय गेली तवापासून घरात मोठ्या मानसाचा आवाजच नाही, बाई. पोरगा जिनात. मी कंदील लावून घरी येतो, जेवतो, निजतो. आज तिनं बोललं, तं मले वाटलं, बोलतच राहावं तिनं."

मी चालता चालता थबकले. इतके महिने मी त्या रीतीवर चिडत होते, तिच्यासाठी. त्या रीतीच्या पलीकडच्या बाजूला हा माणूसही एकटा बसलेला आहे, हे मला दिसलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

"आता घरी बी बोलन का हो ते माह्यासंगं?" त्यानं विचारलं.

"ते मी कशी सांगू?" मी म्हटलं. "तिलाच विचारा."

समोर नाला होता. चार दिवसांच्या उघडिपीनं पाणी पोटरीपर्यंत उतरलेलं, तरी गढूळ, ओढ असलेलं. ती निम्म्या पात्रात पोचली होती. एका हातात लुगड्याचा काठ, दुसऱ्या हातात नणंदेचा हात. म्हातारा उतरणीवर उभा राहून तिच्याकडे पाहत राहिला. विचारायचा धीर त्याला होईना. मग त्यानं धोतर वर खोचलं आणि तसाच पाण्यात पाय घातला. त्याचा आवाज ऐकून तिनं मागे वळून पाहिलं. पदर तिनं पुढे ओढला नाही.

"हळू या, मामंजी," ती म्हणाली. "इथी गोटे लय घसरते. मी पाय ठेवतो तिथीच ठेवा."

"हाव," तो म्हणाला, आणि तिच्या मागोमाग गेला.